वायू-डिटेक्टरच्या साहाय्याने कोलायडरच्या ल्युमिनॉसिटीवर लक्ष कसे ठेवावे

कोलायडरमध्ये समोरासमोरून येणारे दोन किरणपुंज एकमेकांना छेदतात, तेव्हा टकरी किती वेगाने घडतील हे ज्या राशीवरून ठरते तिला ल्युमिनॉसिटी म्हणतात. एखाद्या घटनेचा दर म्हणजे तिचे क्रॉस-सेक्शन (ती घटना घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात सांगणारा आकडा) गुणिले ल्युमिनॉसिटी, इतका हा संबंध सरळ आहे. त्यामुळे ल्युमिनॉसिटीत २ टक्क्यांची चूक राहिली, तर त्या प्रयोगातून निघणारे प्रत्येक क्रॉस-सेक्शन २ टक्क्यांनी चुकते आणि पुढचे विश्लेषण कितीही काटेकोर असले तरी ती चूक भरून निघत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसी या कोलायडरवरील ॲटलास प्रयोगाने २०१५ ते २०१८ या काळातील विदेची ल्युमिनॉसिटी ०.८३ टक्के अनिश्चिततेने ठरवली आहे. एका टक्क्याच्या आत जाण्यासाठी मापकाला कोणती शिस्त लावावी लागते, आणि तो मापक वायूवर चालणारा, म्हणजे कण वायूतून जाताना सुटणारे इलेक्ट्रॉन किंवा प्रकाश मोजणारा, असेल तर ती शिस्त कुठून सुरू करावी, हे येथे सांगायचे आहे.

शिवाजी विद्यापीठात किंवा त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रकल्पासाठी वायू-डिटेक्टर हाताळू इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. कोल्हापुरात कोलायडर नाही. पण मापकाचा स्वभाव ओळखणे, त्याची मोजणी दुरुस्त करणे आणि ती दुरुस्ती खरी ठरते का ते तपासणे, हे सगळे टेबलावर शिकता येते. ज्याने ते येथे नीट केले आहे, त्याला जिनिव्हाजवळच्या नियंत्रणकक्षात बसून आलेख वाचणे जड जात नाही.

माझे मुख्य म्हणणे आधीच मांडतो. ल्युमिनॉसिटी मापक फार संवेदनशील नसला तरी चालते. तो शंभरातला एकच कण पकडत असेल तरी हरकत नाही, मात्र आज शंभरातला एक आणि दोन महिन्यांनीही शंभरातला एकच पकडायला हवा, आणि टकरी शंभरपट वाढल्या तरी हे प्रमाण ढळता कामा नये. वायू-डिटेक्टरमध्ये हे प्रमाण ढळवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, परंतु त्यातल्या बहुतेक मोजता येतात. म्हणून मोजणीच्या प्रत्येक नोंदीसोबत वायूचा दाब, तापमान आणि विजेचा दाब यांचीही नोंद व्हावी, हा पहिला नियम समजावा.

मोजायचे काय, ते आधी ठरवावे

एलएचसीमध्ये प्रोटॉन सलग प्रवाहात नसून बंचांमध्ये, म्हणजे गठ्ठ्यांमध्ये, फिरतात. २६.७ किलोमीटरच्या वर्तुळात एक बंच सेकंदाला सुमारे ११,२४५ फेऱ्या मारतो, आणि लगतच्या दोन बंचांमध्ये २५ नॅनोसेकंदांचे अंतर असते. बंचांसाठी एकूण ३,५६४ जागा आहेत. त्यातल्या काही मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात आणि त्या आपल्याला पुढे फार उपयोगी पडतात. दोन बंच एकदा एकमेकांतून गेले की सरासरी किती टकरी होतात, या संख्येला ‘म्यू’ म्हणतात. म्यू गुणिले फेऱ्यांचा दर, भागिले प्रोटॉन-प्रोटॉन अस्थितिस्थापक टकरीचे क्रॉस-सेक्शन, असे केले की त्या बंच-जोडीची ल्युमिनॉसिटी मिळते. १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला हे क्रॉस-सेक्शन सुमारे ८० मिलिबार्न आहे (एक मिलिबार्न म्हणजे १० चा उणे २७ वा घात इतके चौरस सेंटिमीटर).

कोणताही मापक सगळ्या टकरी पाहत नाही, म्हणून व्यवहारात ‘दृश्य म्यू’ आणि ‘दृश्य क्रॉस-सेक्शन’ वापरतात, म्हणजे आपल्या मापकाला दिसणारा वाटा तेवढा धरतात. दृश्य क्रॉस-सेक्शन हा त्या मापकाचा कॅलिब्रेशन स्थिरांक होय. तो एकदा नीट ठरवायचा आणि नंतर वर्षभर तो बदललेला नाही याची खात्री करत राहायचे. ल्युमिनॉसिटीचे सगळे काम या दोन टप्प्यांत मावते.

डिटेक्टर निवडताना

वायू-मापकांचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्यक्ष यंत्रांवर ते वेगवेगळ्या कारणांनी निवडले गेले. एलएचसीच्या ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांच्या टक्करस्थानांपासून सुमारे १४० मीटरवर, उदासीन कण अडवणाऱ्या शोषकांच्या पोटात, ‘ब्रॅन’ नावाची आयनीभवन कक्षे बसवलेली आहेत. त्यांत आर्गॉन आणि थोडा नायट्रोजन वातावरणाच्या कित्येक पट दाबाने भरलेला असतो, आणि शोषकात उसळलेल्या कणवर्षावाने जो विद्युत्प्रवाह निर्माण होतो तो मोजला जातो. कक्षाचे चार भाग केलेले असल्यामुळे किरणपुंजांच्या छेदनकोनाचाही अंदाज येतो. अमेरिकेतील टेव्हाट्रॉन कोलायडरवरील सीडीएफ प्रयोगाने आयसोब्युटेन वायूतील चेरेन्कॉव्ह प्रकाश (वेगवान कण जाताना वायूत उमटणारा प्रकाश) मोजून ल्युमिनॉसिटी ठरवली. ॲटलासच्या ‘ल्युसिड’ मापकाच्या पहिल्या आवृत्तीतही वायूने भरलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या. इटलीतील डाफ्ने कोलायडरवर २००८च्या सुमारास नव्या छेदनपद्धतीची चाचणी झाली, तेव्हा ल्युमिनॉसिटी मापकांमध्ये तिहेरी जेम डिटेक्टरांचा (त्यांची रचना पुढे येते) समावेश होता. सीएमएस तर आपल्या म्युऑन-यंत्रणेतील (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखा पण जड कण) ड्रिफ्ट ट्यूब, म्हणजे वायूने भरलेल्या तारेच्या नळ्याच, वापरते: त्यांतील म्युऑनचा दर इतका कमी असतो की प्रत्येक बंच वेगळा मोजणे परवडत नाही, पण एकंदर ल्युमिनॉसिटीच्या मोजणीत त्या विलक्षण स्थिर असतात, म्हणून इतर मापकांची परीक्षा त्यांच्यासमोर घेतली जाते.

या सगळ्यांतून निवड कशी करावी? माझे मत असे की, कणांचा मारा पुरेसा मोठा असेल तर ज्यात इलेक्ट्रॉनांची संख्या वायूतच वाढवली जात नाही असे साधे आयनीभवन कक्ष घ्यावे. त्यातील प्रवाह वायूच्या घनतेच्या सम प्रमाणात असतो, म्हणजे दाब एक टक्का बदलला तर प्रवाहही एकच टक्का बदलतो. आणि कक्ष पक्के बंद असेल, तर आतील रेणूंची संख्या ठरलेली असल्याने बाहेरच्या हवेचा दाब बदलला तरी फरक पडत नाही. मारा कमी असेल, किंवा प्रत्येक बंचाचा हिशेब स्वतंत्र हवा असेल, तर मात्र वर्धन, म्हणजे वायूतच इलेक्ट्रॉनांची वाढ, करणारा डिटेक्टर लागतो: तारेचा प्रपोर्शनल काउंटर, रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर किंवा जेम.

जेमची कल्पना फाबिओ साउली यांनी १९९७ मध्ये सर्नमध्ये मांडली. ५० मायक्रॉन जाडीच्या कॅप्टॉन प्लास्टिकच्या फितीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा पातळ थर, आणि त्यात दर १४० मायक्रॉनांवर सुमारे ७० मायक्रॉन व्यासाचे छिद्र. प्रत्येक छिद्रात विद्युतक्षेत्र एकवटते आणि इलेक्ट्रॉन तेथेच वाढतात. अशा तीन फिती एकाखाली एक लावल्या की प्रत्येकीवर विजेचा दाब माफक ठेवूनही १० हजारांचे वर्धन सहज मिळते. ल्युमिनॉसिटीच्या दृष्टीने जेमचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो दर चौरस मिलिमीटरला सेकंदाला दहा लाख कणांपर्यंतचा मारा वर्धन न घसरू देता सोसतो. तारेच्या चेंबरमध्ये तारेभोवती हळू सरकणारे धन आयन साचतात, आणि दर चौरस मिलिमीटरला दहा हजारांच्या आसपास त्याची दमछाक होऊ लागते.

वायू, नळ्या आणि सिलिंडर

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणापलीकडे जाऊ नये. मिथेन आणि आयसोब्युटेन ज्वालाग्राही आहेत, तर रेझिस्टिव्ह प्लेट चेंबरमध्ये वापरला जाणारा फ्रिऑन पर्यावरणाला जड जातो. जेमसाठी ७०:३० आणि सीएमएसच्या ड्रिफ्ट ट्यूबसाठी ८५:१५ असे प्रमाण वापरले जाते. कोल्हापूरकरांच्या सोयीची गोष्ट अशी की शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फॅब्रिकेशनच्या कारखान्यांना मिग वेल्डिंगसाठी आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण नेहमीच लागते, आणि त्यातले ८०:२०च्या आसपासचे मिश्रण या दोहोंच्या मधले आहे. शिकण्यासाठी ते पुरेसे चांगले. मात्र वेल्डिंगच्या मिश्रणात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एका सिलिंडरपासून दुसऱ्यापर्यंत थोडे इकडेतिकडे होते आणि वर्धन त्याला फार संवेदनशील असते. म्हणून सिलिंडर बदलल्याची तारीख आणि वेळ नोंदवहीत लिहावी, आणि त्या वेळेनंतरचे मोजमाप नव्याने कॅलिब्रेट करेपर्यंत आधीच्या मोजमापाला जोडू नये.

सिलिंडर साखळीने भिंतीला बांधावा, दोन टप्प्यांचा रेग्युलेटर वापरावा, आणि डिटेक्टरमधून बाहेर पडणारा वायू खोलीत न सोडता नळीने बाहेर न्यावा, कारण आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचतो. बाहेर नेलेल्या नळीच्या शेवटी बबलर (वायू द्रवातून बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी बाटली) लावायचा. त्यात सिलिकॉनचे तेल मात्र घालू नये. सिलिकॉनची वाफ उलट दिशेने आत शिरते, वर्धनाच्या जागी तिचा थर बसतो आणि काही महिन्यांत वर्धन कायमचे उतरते. हीच गोष्ट सिलिकॉन ग्रीसची आणि सांधे बंद करण्याच्या सीलंटची. नळ्या शक्यतो तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. प्लास्टिकच्या मऊ नळ्यांच्या भिंतीतून पाण्याची वाफ आत झिरपते, आणि पावसाळ्यात सर्द हवेत ती किती झिरपते ते वर्धनाच्या उतरत्या आलेखावरून कळते. बाहेरच्या नळीचे तोंड पश्चिमेच्या वाऱ्यासमोर ठेवू नये. जुलैमधल्या झोतांनी आतील दाब हलतो आणि तो हलल्याचे मोजणीत दिसते.

कोल्हापूरची हवा आणि डिटेक्टरचे वर्धन

वायू-डिटेक्टरवर पहिल्यांदा काम करणारे या भागावर सर्वांत कमी वेळ घालवतात, पण खरे पाहता सर्वांत जास्त वेळ येथेच द्यायला हवा.

प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मध्ये किती ऊर्जा मिळवतो यावर वर्धन ठरते, आणि दोन धडकांमधील अंतर वायूच्या घनतेवर अवलंबून असते. घनता एक टक्का कमी झाली की प्रपोर्शनल काउंटरचे वर्धन साधारण ५ ते ८ टक्के वाढते. आता कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे; येथील हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तर मुंबईत तो १,०१० च्या जवळ असतो. म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेत ठरवलेल्या विजेच्या दाबावर तोच डिटेक्टर कोल्हापुरात लावला, तर घनता ६ टक्के कमी असल्याने वर्धन दीडपट होऊ शकते आणि ठिणग्या पडू लागतात. दुसऱ्या ठिकाणचा प्लॅटो (विजेचा दाब बदलला तरी मोजणी जवळपास स्थिर राहते तो पट्टा) आपला मानू नये. तो येथेच, आपल्या सिलिंडरवर, नव्याने काढावा.

त्यापुढची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आपल्या अक्षांशावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, दुपारी व पहाटे चारच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत ३ ते ४ हेक्टोपास्कलची घट होते. ९५० पैकी ३ म्हणजे ०.३ टक्का, सातपट धरले तर वर्धनात २ टक्क्यांचा फरक. ल्युमिनॉसिटी एका टक्क्याच्या आत ठेवायची असेल तर निरभ्र, शांत दिवशीही केवळ घड्याळाच्या काट्याबरोबर मापक २ टक्के खोटे बोलतो, हे ध्यानात घ्यावे. तापमानाचा परिणाम याहून मोठा आहे. एप्रिलमध्ये वातानुकूलन नसलेल्या खोलीत सकाळ-दुपारी १० अंशांचा फरक पडला, तर केल्व्हिन मापनात ३०० पैकी १० म्हणजे ३.३ टक्के, आणि वर्धनात जवळपास एक-चतुर्थांश वाढ.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही वापरावेत. पहिला उपाय म्हणजे विजेचा दाब हवेच्या मागे चालवणे. संदर्भासाठी एक दाब आणि एक तापमान निश्चित करावे, आणि प्रत्यक्ष दाब त्याहून जितक्या प्रमाणात कमी किंवा तापमान जितक्या प्रमाणात जास्त, तितक्या प्रमाणात विजेचा दाब खाली आणावा. रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर चालवणारे हीच पद्धत वापरतात. दुसरा उपाय मोजणीनंतरचा: तापमान भागिले दाब या गुणोत्तराचा लघुगणक एका अक्षावर आणि डिटेक्टरच्या प्रवाहाचा लघुगणक दुसऱ्या अक्षावर घ्यावा. स्थिर स्रोतासमोर दोन-तीन आठवडे नोंदी घेतल्या की बिंदू एका सरळ रेषेवर बसतात, आणि त्या रेषेचा उतार हा आपल्या डिटेक्टरचा घातांक असतो. तो पुस्तकातून उचलू नये. दाबमापक वायूच्या नळीवर बसवावा, खोलीच्या भिंतीवर नव्हे, आणि तापमापक डिटेक्टरच्या चौकटीला चिकटवावा.

स्थिर स्रोत म्हणून लोह-५५ उत्तम. त्यातून ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण येतात. आर्गॉनमध्ये इलेक्ट्रॉन-आयन जोडी तयार करण्यास सरासरी २६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे प्रत्येक क्ष-किरणामागे सुमारे २२७ इलेक्ट्रॉन. स्पेक्ट्रममध्ये मुख्य शिखर आणि त्याच्या निम्म्या ऊर्जेजवळ आर्गॉनचे छोटे शिखर दिसले की इलेक्ट्रॉनिक्सची साखळी जुळली असे समजावे. मुख्य शिखराची जागा म्हणजेच वर्धन. लोह-५५चे अर्धायुष्य सुमारे २.७ वर्षे आहे, तेव्हा दर मोजायचा असेल तर क्षयाची दुरुस्ती विसरू नये. शिखराची जागा मात्र क्षयाने बदलत नाही. किरणोत्सारी स्रोत संस्थेमार्फत आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणेच आणावा व ठेवावा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी. स्रोत काढून घेतल्यावरही पिकोअँमीटर (अतिसूक्ष्म प्रवाह मोजणारे उपकरण) काही दाखवत असेल, आणि तो आकडा पाऊस उघडल्यावर उतरत असेल, तर तो प्रवाह वायूतून आलेला नसून उच्च दाबाच्या कनेक्टरच्या पृष्ठभागावरील ओलाव्यातून गळणारा असतो. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडे करून, झाकणाखाली सिलिका जेलची पुडी ठेवली की तो बहुधा नाहीसा होतो. तरीही दररोज स्रोताविना किंवा किरणपुंजाविना घेतलेले शून्याचे मोजमाप वजा केल्याखेरीज कोणताही प्रवाह ल्युमिनॉसिटी म्हणून लिहू नये.

मोजणी कशी करावी

अंगणातल्या फरश्यांवर पावसाचे पहिले थेंब पडत असताना थेंब मोजता येत नाहीत, पण कोरड्या राहिलेल्या फरश्या मोजता येतात, आणि फरशीमागे सरासरी किती थेंब पडले ते त्यांच्या प्रमाणावरून काढता येते. शून्य-मोजणीची पद्धत अशीच आहे. किती वेळा बंच एकमेकांतून गेले आणि त्यांपैकी किती वेळा मापकात काहीच उमटले नाही, एवढेच पाहायचे. टकरी पॉयसाँ वितरण (एकमेकींवर अवलंबून नसलेल्या घटनांच्या संख्येचा नियम) पाळतात, म्हणून रिकाम्या वेळांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लघुगणक घेऊन त्याचे चिन्ह उलटवले की दृश्य म्यू मिळतो. एका टकरीतून दोन कण आले काय किंवा पाच आले काय, मोजणीला फरक पडत नाही, आणि स्पंदाची उंची नोंदीसाठी ठरवलेल्या उंबरठ्याच्या पुरेशी वर असली तर वर्धनातील लहानसहान चढउतारही झाकले जातात. वर्धन करणाऱ्या डिटेक्टरसाठी मी हीच पद्धत आधी सुचवीन.

उदाहरण घेऊ. एलएचसीमध्ये ल्युमिनॉसिटी दर चौरस सेंटिमीटर, दर सेकंद २ गुणिले १० चा ३४ वा घात असेल आणि सुमारे २,५०० बंच-जोड्या टक्कर घेत असतील, तर एका जोडीमागे म्यू ५५ ते ६० येतो. आपल्या मापकाचे दृश्य क्रॉस-सेक्शन ३.३ मिलिबार्न असेल, तर दृश्य म्यू सुमारे २.३, आणि साधारण दहापैकी एक वेळ मापक रिकामा राहील. एका सेकंदातील ११,२४५ संधींवरून दृश्य म्यूची सांख्यिकी अनिश्चितता सुमारे १.२ टक्के येते, आणि एका मिनिटात ती ०.२ टक्क्यांच्या खाली उतरते. पण मापक मोठा करून दृश्य म्यू १० वर नेला, तर रिकाम्या वेळा लाखात साडेचारच उरतात आणि पद्धत कोलमडते. त्यामुळे शून्य-मोजणीसाठी मापक मुद्दाम लहान ठेवावा. मोठा मापक हाताशी असेल तर त्याचे भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्र मोजावा.

प्रवाह मोजायचा असेल तर आधी अंदाज घ्यावा. ३ मिलिमीटर आर्गॉनमध्ये एका कणामागे साधारण २८ इलेक्ट्रॉन सुटतात. वर्धन १० हजार आणि सेकंदाला एक लाख कण धरले, तर प्रवाह सुमारे ४.५ नॅनोअँपिअर होतो. हा आकडा मोजायला सोपा आहे, मात्र गळतीचा प्रवाह दहा पिकोअँपिअरच्या खाली ठेवता आला तरच त्यातून एका टक्क्याहून बारीक काही वाचता येईल. प्रवाहात वर्धनाचा प्रत्येक चढउतार जसाच्या तसा उमटतो, म्हणून मागच्या भागातील दाब-तापमानाची दुरुस्ती येथे पूर्णपणे लागू होते.

एक-एक स्पंद मोजताना डेड टाइमची, म्हणजे एका स्पंदानंतर इलेक्ट्रॉनिक्सची साखळी अडकून राहते त्या वेळेची, दुरुस्ती करावी. सेकंदाला एक लाख स्पंद नोंदले गेले आणि प्रत्येकामागे साखळी एक मायक्रोसेकंद अडकत असेल, तर खरा दर १ लाख ११ हजार असतो, म्हणजे ११ टक्क्यांची दुरुस्ती. डेड टाइम टेबलावर दोन स्रोतांनी काढता येतो: आधी एक स्रोत, मग दोन्ही, मग फक्त दुसरा, आणि या क्रमात पहिल्याची जागा तसूभरही हलवायची नाही. दोन्ही मिळून आलेला दर बेरजेपेक्षा जितका कमी पडतो, त्यावरून डेड टाइम निघतो.

व्हॅन डर मीर स्कॅन

इथवर मिळालेला दृश्य म्यू अजून ल्युमिनॉसिटी झालेला नाही. त्याला ल्युमिनॉसिटीचे एकक देणारी पद्धत सायमन व्हॅन डर मीर यांनी १९६८ मध्ये सर्नच्या इंटरसेक्टिंग स्टोरेज रिंग्जसाठी सुचवली, आणि ती आजही पायाभूत आहे. एक किरणपुंज दुसऱ्यापासून आडव्या दिशेने पायरीपायरीने सरकवायचा, प्रत्येक पायरीवर दृश्य म्यू मोजायचा, आणि मग हेच उभ्या दिशेने करायचे. साधारण २५ पायऱ्या आणि प्रत्येकीवर अर्धा मिनिट अशी रचना असते. मिळालेल्या घंटाकृती आलेखाची रुंदी म्हणजे दोन्ही पुंजांची एकत्रित रुंदी. आडवी आणि उभी रुंदी, शिखरावरचा दृश्य म्यू आणि दोन्ही बंचांतील प्रोटॉनांची संख्या, एवढ्यावर दृश्य क्रॉस-सेक्शन निघते: दोन गुणिले पाय (π), गुणिले दोन्ही रुंद्या, गुणिले शिखरावरचा दृश्य म्यू, भागिले दोन्ही बंचांतील प्रोटॉनांच्या संख्यांचा गुणाकार.

आकडे घालून पाहू. दोन्ही रुंद्या १३० मायक्रॉन, प्रत्येक बंचात ८ हजार कोटी प्रोटॉन आणि शिखरावर दृश्य म्यू ०.०२ असेल, तर उत्तर ३.३ मिलिबार्न येते. हा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः हाताने करावा. एककांची चूक सर्वाधिक येथेच होते, कारण रुंदी मायक्रॉनमध्ये येते आणि उत्तर चौरस सेंटिमीटरमधून मिलिबार्नमध्ये न्यायचे असते.

अशा स्कॅनसाठी वेगळी, शांत फेरी (यंत्र एकदा भरून चालवण्याचा काळ) ठेवतात: मोजकेच, एकमेकांपासून दूर असलेले बंच आणि एकूण म्यू अर्ध्याच्या आसपास. प्रोटॉनांची संख्या किरणपुंजाचा प्रवाह मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांवरून घेतात. किरणपुंज किती सरकला हे चुंबकांच्या सेटिंगवरून मानून न चालता टक्करबिंदूची जागा कणांचे मार्ग टिपणाऱ्या ट्रॅकरने मोजून तपासतात. दोन पुंजांचे परस्परांवरील विद्युतबल, स्कॅनच्या काळात कक्षेचे सरकणे, आणि आडव्या व उभ्या आकारांचे एकमेकांत गुंतलेले असणे, यांच्याही दुरुस्त्या करतात. त्या सगळ्या यंत्राच्या बाजूच्या आहेत. वायू-मापक सांभाळणाऱ्याचे काम असे की स्कॅनच्या त्या एक-दोन तासांत वर्धन स्थिर असावे, आणि पुंज दूर गेल्यावर शेपटीच्या भागात, जेथे खरा दर जवळपास शून्याला टेकतो, तेथे गळती आणि पार्श्वभूमी अचूक वजा व्हावी. शेपटीत राहिलेली थोडीशी पार्श्वभूमीसुद्धा रुंदी फुगवते, आणि फुगलेली रुंदी थेट दृश्य क्रॉस-सेक्शनमध्ये जाते.

पार्श्वभूमीसाठी रिकाम्या जागा

टक्कर संपल्यावरही मापक लगेच गप्प होत नाही. भोवतालचे धातू किरणोत्सारी झालेले असतात, मंद न्यूट्रॉन फिरत असतात, आणि पुढच्या कित्येक बंच-जागांमध्ये त्यांचे ठिपके पडत राहतात. बंच नसलेल्या जागांमधील मोजणी घेऊन ही मागाहून येणारी चमक वजा करावी. एकाच पुंजातला बंच आहे पण समोरचा नाही, अशा जागांवरून पुंजाने नळीतील उरल्यासुरल्या वायूवर केलेली धडक कळते. वायू-डिटेक्टरांतील स्पंद अर्धवाहक सिलिकॉनच्या डिटेक्टरांपेक्षा लांब असल्याने एका बंचाची शेपटी पुढच्या बंचात सांडते, म्हणून ही वजाबाकी बंचांच्या रांगेत क्रमाने करावी लागते.

सर्वांत कठीण परीक्षा: शंभरपट

कॅलिब्रेशन होते म्यू अर्धा असताना. प्रत्यक्ष वापर होतो म्यू ५० ते ६० असताना. मधल्या शंभरपट टप्प्यात मापक सरळ रेषेत राहिला याचा पुरावा त्याच्या स्वतःच्या विदेतून कधीच मिळत नाही. त्यासाठी दुसरा मापक हवा, आणि तो शक्यतो वेगळ्या तत्त्वावरचा असावा. दोघांचे गुणोत्तर ल्युमिनॉसिटीच्या विरुद्ध काढावे. फेरी सुरू झाल्यापासून काही तासांत ल्युमिनॉसिटी आपोआप उतरत जाते, तेव्हा एकाच फेरीत हा आलेख मिळतो. गुणोत्तर फेरीच्या आत उतरत्या किंवा चढत्या उताराने जात असेल, तर कुठल्या तरी मापकात आयन साचत आहेत किंवा डेड टाइमची दुरुस्ती अपुरी आहे. गुणोत्तर फेरीच्या आत सपाट राहून फेरीगणिक सरकत असेल, तर कारण वायूत शोधावे: मिश्रण, ओलावा, किंवा वर्धनाच्या जागी बसत चाललेला थर. या दोन दोषांवरचे उपाय एकमेकांहून अगदी भिन्न असल्याने कोणता दोष आहे हे ठरल्याशिवाय एकही स्थिरांक बदलू नये. मधल्या काळातील तपासणीसाठी सीएमएसमध्ये नेहमीच्या फेऱ्यांमध्येही छोटे स्कॅन घेतले जातात आणि त्यांवरून मापकांची कार्यक्षमता पाहिली जाते.

कोल्हापुरात याचा सराव दोन काउंटर एकावर एक ठेवून करता येतो. वैश्विक म्युऑन दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक येतो. ५०० चौरस सेंटिमीटरचा काउंटर असेल तर तासाला ३० हजार, म्हणजे तासागणिक ०.६ टक्क्याची सांख्यिकी. एक काउंटर नळीतून वाहत्या वायूचा ठेवावा, दुसरा सिंटिलेटरचा (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाचा). म्युऑनांचा दर स्वतःच हवेचा दाब वाढला की थोडा घटतो, म्हणून एकट्या काउंटरचा आलेख पाहून वर्धनाबद्दल निष्कर्ष काढू नये. गुणोत्तरात म्युऑनांचा बदल छेदला जातो आणि उरतो तो वायूचा स्वभाव. मृगापासून दसऱ्यापर्यंत हे गुणोत्तर रोज काढले, आणि दाब-तापमानाच्या दुरुस्तीनंतर ते एका टक्क्याच्या पट्ट्यात राहिले, तर तो काउंटर आणि तो विद्यार्थी दोघेही पुढच्या कामाला तयार आहेत. पट्ट्याबाहेर गेले तर सिलिंडरची तारीख, नळीचे सांधे आणि कनेक्टर, या क्रमाने शोध घ्यावा.

मोठा मारा सोसण्याचा भाग म्युऑनांनी तपासता येत नाही. त्यासाठी स्रोताचे अंतर बदलत जावे, किंवा स्रोत आणि खिडकीच्या मध्ये ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकेक करून घालावेत, आणि प्रत्येक टप्प्यावर वर्धन करणाऱ्या डिटेक्टरचा प्रवाह आणि स्पंदांचा दर दोन्ही टिपावेत. दर वाढत जाताना प्रवाह भागिले दर हे प्रमाण जेथे वाकू लागते, तेथे डिटेक्टरची मर्यादा आली किंवा डेड टाइमची दुरुस्ती चुकली. दोन स्रोतांच्या पद्धतीने डेड टाइम आधीच काढलेला असल्याने या दोहोंपैकी कोणते, ते लगेच ठरवता येते.